जर्मनचं भगुनं पारावर

सरूबाई फाट्यावर काळीपिवळीतून उतरली. हातातल्या पिशवीत लाल रंगाचा डबा होता, सोनेरी रंगाची डबी होती आणि डोक्यात फक्त उद्याचा दिवस होता. या दोन डब्यांसाठी तिनं अख्खा छावणीचा बाजार पालथा घातला होता, कारण लेकीनं बजावून सांगितलं होतं की कुंकवाचा लाल चालणार नाही, नव्या मोटारसायकलीचा लाल पाहिजे. वस्तीकडं चालायला लागली तसा तिला घंटेचा आवाज आला. या वेळेला कसली घंटा, असं मनाशी म्हणत ती पुढं गेली तर धुपाचा वास आला. मग पिंपळाच्या पाराभोवती ही गर्दी दिसली. बायकांना बाजूला सारत ती पुढं घुसली आणि तिनं समोर पाहिलं.

पारावर तिच्या नवऱ्यानं केलेला नाकाडोळ्यांचा टोप मांडला होता. दुपारी तिनंच तो तिथं सावलीला वाळत ठेवला होता, नुसत्या अस्तराच्या रंगावर. आता त्याला झेंडूची माळ घातली होती, कपाळाला हळदकुंकू लावलं होतं, पुढं नारळ फुटले होते आणि दिवा तेवत होता. कुणीतरी वरून वाटीभर गोडेतेल ओतलं होतं, ते निथळत खालच्या छातीच्या पत्र्यावर आलं होतं. वस्तीतली सगळ्यांत जुनी म्हातारी दगडाबाई त्याच्यापुढं माथा टेकून रडत होती. मुंजाबा आला गं माय, मुंजाबा आला, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

ज्यात आपण वर्षानुवर्षं डाळ शिजवली त्या भगुन्याला संध्याकाळी गाव पुजेल, असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर सरूबाईनं त्याला येडा म्हणून दारातून हाकललं असतं.

भगुनं कसं, ते सांगायला हवं.

सरूबाईचा नवरा त्रिंबक शेंद्र्याला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसच्या मशीनवर होता. बाप मेंढरांमागं हिंडला, आजा मेंढरांमागं हिंडला, त्रिंबकानं मात्र पत्र्याशी सोयरीक जमवली. पत्रा हातात घेतला की तो कुठवर वाकेल आणि कुठं रुसेल हे त्याला न सांगता कळायचं. कामावर सगळे त्याला मानायचे. मग गेल्या उन्हाळ्यात एकदा प्रेस खाली आली तेव्हा त्याचा उजवा हात आत राहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वाचलं. बाकीची तीन गेली.

बोटं गेली ती गेली, त्यांच्यामागं त्रिंबकही गेला. हात कायम शर्टाच्या आत नाहीतर पंच्याखाली. समोरून माणूस आला तर रामराम घालावा लागेल, रामराम घालायचा तर हात जोडावे लागतील, म्हणून हा बोळ बदलून जायचा. डाव्या हातानं जेवायचं म्हणून भिंतीकडं तोंड करून बसायचा, पोटच्या पोरीकडंसुद्धा पाठ. पंगतीत बसावं लागेल म्हणून सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेला नाही. बसून करायचं काम देतो, असा कारखान्यातून निरोप आला, त्याचंही उत्तर दिलं नाही. हळूहळू उंबऱ्याबाहेर पडणंच थांबलं. तो हात वस्तीनं एकदाही पाहिला नव्हता. त्रिंबकाला जरा लागलंय, एवढंच वस्तीला ठाऊक होतं. नवरा धडधाकट घरात बसलाय आणि तरी घरात माणूस नाही, हे दुःख सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं, हे सरूबाईला उमगत नव्हतं. ती मजुरीला जायची, यायची, आणि त्याच्या पाठीकडं बघत भाकरी थापायची.

अशात पोरीनं घरात सुतळी बॉम्ब टाकला. चतुरा पाचवीला होती. शाळेच्या गॅदरिंगला या वर्षी पालकांचीही वेशभूषा ठेवली होती आणि या कार्टीनं घरी कुणाला न विचारता बापाचं नाव देऊन टाकलं होतं. सुपरहिरो म्हणून! नावही तिनंच काढलं होतं, लोखंड्या. अंगभर पत्रा, डोक्यावर टोप, हातांत लोखंडी पंजे. ऐकून सरूबाईनं कपाळावर हात मारला. आता पोरगी मार खाणार म्हणून ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. त्रिंबक मात्र पोरीकडं बघतच राहिला. मग त्यानं विचारलं, "टोपात तोंड दिसतंय का?"

"नाय दिसत," पोरगी म्हणाली. "कुणालाच नाय."

"मंग करू," तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

सरूबाई दारातच खिळून उभी राहिली. कित्येक महिन्यांत या माणसानं करू हा शब्द उच्चारला नव्हता.

घरामागं जुना कूलर पडला होता, त्याची पाठ सोलून त्रिंबकानं छाती केली. तेलाचे डबे चिरून दंड आणि पोटऱ्या केल्या. गुडघ्यांना शेजारच्या सांडूच्या मोडक्या स्कूटरचं मडगार्ड लागलं, आणि ते कशाला पाहिजे हे सांडूला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते मागायला सरूबाई गेली होती आणि तिनं त्याला काहीबाही सांगितलं होतं. हातोडी डाव्या हातात, छिन्नी उरलेल्या दोन बोटांत. पहिल्यांदा घाव भलतीकडं पडायचे. अंगठा सुजून भोपळा झाला. पण ठोकणं थांबलं नाही, आणि घरात ठोकण्याचा आवाज आहे म्हणून सरूबाईला जेवण गोड लागायला लागलं.

एक दिवस ती मजुरीवरून आली तर फळीवर भगुनं नव्हतं. तिच्या आईनं लग्नात दिलेलं, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, चांगलं दणकट. ते अंगणात उपडं होतं, त्याला नाक आलं होतं, जबडा आला होता, आणि डोळ्यांच्या भोकांमागं त्रिंबक वेल्डिंगच्या जुन्या चष्म्याच्या काळ्या काचा बसवत होता. तिच्या तोंडावर शिवी आली होती. तेवढ्यात तिला ऐकू आलं की तो गुणगुणतोय. ती शिवी तिनं गिळली आणि त्या दिवसापासून डाळ कढईत शिजवायला लागली.

सगळ्यांत शेवटी उजवा पंजा झाला. डाव्या पंजाला लागले त्याच्या दुप्पट कष्ट त्यानं त्याला घेतले. दोन बोटं आतून पोकळ, त्याची स्वतःची जातील अशी. बाकीची तीन भरीव, जरा वाकवून कायमची बसवलेली. तो चढवला की बघणाऱ्याला काही म्हणजे काही समजत नसे. चढवून त्यानं पोरीसमोर उजव्या हातानं पाण्याचा पेला उचलला आणि प्याला. सरूबाई आत जाऊन पोटभर रडली.

पण त्यानं एक अट घातली होती आणि ती तो रोज घोकायचा. टोप चढवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय ठेवणार नाही. शाळेत कुणी नुसतं ओळखलं तरी तिथूनच माघारी फिरेन. परत कधी कुठं यायला सांगायचं नाही. म्हणजे सगळा खेळ त्या टोपावर होता, आणि सरूबाई त्या टोपाला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती.

रंगाचं काम तिच्याकडं होतं. दोन बोटांत ब्रश टिकत नाही, आणि तिला माहेरी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची लहानपणापासूनची सवय. तिनं आधी अस्तर दिलं. शेजाऱ्यांच्या गेटाचं उरलेलं होतं, रंगानं नारिंगी, चांगलं तुकतुकीत. डोळ्यांच्या काचांवर रंग उडू नये म्हणून काय लावावं याचा विचार करताना तिला पोळ्याची बेगड आठवली, शिंगांना चिकटवतात ती चंदेरी. तिचे दोन गोल कापून तिनं काचांवर चिकटवले. अंगणात ठेवावं तर ट्रकांची धूळ, वर कोंबड्या, आणि उन्हात रंगाला फोड येतात हे तिला पक्कं माहीत. म्हणून त्रिंबक झोपला असताना तिनं सगळं उचलून पिंपळाच्या पारावर नेलं. छातीचा पत्रा बुंध्याला टेकवला, त्याच्यावर टोप ठेवला, दोन्ही बाजूंना पंजे ठेवले आणि समाधानानं छावणीची गाडी पकडली.

तिच्या एवढंही ध्यानात आलं नाही की पार कुणाचा आहे! त्या पारावर मुंजाबाचा दगड होता. रस्ता रुंद झाला तेव्हा अर्धा पार खोदला गेला, आणि देव मातीच्या कुठल्या टिपरात बसून कुठल्या भरावात गेला याचा पत्ता कुणाला लागला नाही. वस्तीनं बरीच शोधाशोध केली. दगडाबाईनं तर अंथरूणच धरलं होतं. तिचा एकुलता एक लेक तापानं फणफणला होता तेव्हा तिनं याच देवाला धरलं होतं आणि लेक वाचला होता. आज ना उद्या तो आपल्या पायानं परत येईल, असं ती सांगत फिरायची आणि लोक मान हलवायचे. आता शेंदरी तोंड, चंदेरी डोळे, आणि तेही पिंपळाखाली, म्हटल्यावर देव ओळखायला आपल्याकडं आणखी काय लागतं? सरूबाईनं एक भांडं वाळत घातलं होतं. वस्तीला जे दिसायचं ते दिसलं.

आता कारभारी पुढं झाला होता. हा वस्तीतल्या देवळाचं बघायचा, आणि कुठलीही गोष्ट चार माणसांत घडली की ती आपणच घडवली असं त्याला मनापासून वाटायचं. पाराला पत्र्याचं छत करू, दर अमावास्येला जेवण घालू, असं त्याचं चालू होतं. सरूबाई टोपाकडं सरकली तर त्यानं तिला दटावलं, आधी चप्पल काढ म्हणून. तिनं चप्पल काढली. काय करावं ते तिला सुचेना. खरं सांगावं तर गाव अंगावर येईल. न सांगावं तर टोप गेला, उद्याचा दिवस गेला, आणि नवरा पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार, यावेळी कायमचा.

तेवढ्यात गर्दी एका बाजूला हलली आणि त्रिंबक आला.

घंटेनं त्याला जाग आली होती. अंगणात पाहिलं तर टोप नाही, पंजे नाहीत, काही नाही. चोरी झाली म्हणून तो तसाच उघड्या डोक्यानं धावत सुटला होता, आणि आपण उंबरा ओलांडला हे पारापाशी येईपर्यंत त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आता आलं. सगळे त्याच्याकडं बघत होते. उजवा हात त्यानं झटक्यात शर्टात घातला. मग त्याला तेलानं न्हालेलं आपलं काम दिसलं आणि तो जागच्या जागी थिजला.

दगडाबाईनं डोळे पुसत वर बघितलं. "तिंबका, आलास व्हय बाबा," ती म्हणाली. "ये फुडं. मुंजाबा आलाय आपला. हात जोड."

लोकांनी त्रिंबकाला वाट करून दिली. हात जोड, या दोन शब्दांपासून तो इतके दिवस पळत होता, आणि आता पळायला वाट नव्हती.

"त्यांना बरं नाय, मावशे," सरूबाई कशीबशी म्हणाली.

"बरं नाय म्हणूनच जोडायचे असत्यात," म्हातारी म्हणाली.

त्रिंबक टोपाकडं बघत होता. माळ, कुंकू, निथळणारं तेल आणि बेगडीचे ते दोन टक्क डोळे. हा आता रडतो की हसतो, हे बायको असूनही सरूबाईला सांगता येईना. मग त्यानं शर्टातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर दोन्ही हात जोडले. एका बाजूला अख्खा पंजा. दुसऱ्या बाजूला अंगठा, एक बोट, आणि जिथं तीन बोटं होती तिथं गुळगुळीत गुलाबी कातडी.

घंटा वाजवणाऱ्याचा हात थांबला. एका बाईनं पदर तोंडाला लावला. मघापासून बोलणारा कारभारी खाली मातीकडं बघायला लागला. जरा लागलंय म्हणजे हे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरूबाईला वाटलं, आपण मेलो तर बरं.

दगडाबाईनं त्या हाताकडं पाहिलं, चांगलं वेळ घेऊन पाहिलं. मग तिची नजर पारावरच्या उजव्या पंजावर गेली. तिनं तो उचलला. ओल्या अस्तरानं तिची बोटं नारिंगी झाली. पोकळ बोटांत तिनं आपली बोटं घालून बघितली, भरीव तीन दाबून बघितली आणि पंजा त्रिंबकाच्या हाताशेजारी धरला.

"ह्यो तुझ्या हाताच्या मापाचा हाय," ती म्हणाली.

"व्हय मावशे," त्रिंबक म्हणाला. "समदंच म्या केलंय. पोरीच्या साळंसाठी. टोप म्हंजी आमचं भगुनं हाय."

मग एकदम गलका झाला. ज्यांनी नारळ फोडले होते ते रागानं लाल झाले, ज्यांनी फोडले नव्हते ते तोंड फिरवून हसायला लागले. कारभाऱ्याला कंठ फुटला. देवाची मस्करी करता का, गावाला येड्यात काढता का, म्हणून तो त्रिंबकाच्या अंगावर धावला. सरूबाई मध्ये पडली. मी ठेवलं, वाळायला ठेवलं, डोळ्यांची बेगडही माझी, यांना तर काही ठाऊकच नव्हतं, असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

या सगळ्या गलक्यात दगडाबाई एकटीच गप्प होती. ती पारावर खाली बसली होती. आत्ता या सगळ्यांसमोर ती एका भगुन्यापुढं ढसाढसा रडली होती आणि हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. पोरं तिच्याकडं बोट दाखवत होती. तिनं डोक्यावरचा पदर ओढून तोंड झाकून घेतलं. त्रिंबकानं ते पाहिलं. सगळे आपल्याकडं बघत असले की तोंड कुठं लपवावं, हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो कारभाऱ्याला ओलांडून पुढं गेला. त्यानं छातीचा पत्रा उचलून काखेत मारला, डावा पंजा घेतला, म्हातारीच्या मांडीवरचा उजवा पंजा घेतला. टोप मात्र त्यानं बुंध्याशी नीट टेकवून ठेवला, माळेसकट.

"टोप ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. "मावशीचा हाय त्यो."

"आन् आमी भगुन्याला देव म्हणायचं का?" कारभाऱ्यानं विचारलं.

दगडाबाईनं पदराआडून तोंड बाहेर काढलं. "आदीचा धोंडा बी कुणाच्या तरी वावरातूनच आला व्हता, कारभारी," ती म्हणाली, आणि विझत आलेल्या दिव्यात तिनं तेल घातलं.

त्रिंबक घराकडं निघालासुद्धा. सरूबाई चप्पल तिथंच विसरून त्याच्यामागं पळाली. ज्या टोपासाठी तो उठला होता, ज्याच्याशिवाय उंबरा ओलांडणार नव्हता, तोच टोप हा माणूस देऊन आला होता आणि त्याला त्याचं भानही नव्हतं. उद्या सकाळी भानावर येईल आणि मग? पोरीला काय सांगायचं? बोळाच्या तोंडाशी तिनं त्याची बाही धरली.

"अवं, टोप दिऊन आलात तुमी," ती म्हणाली. "उद्या साळंत तोंडाचं काय?"

त्रिंबक थांबला. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनंच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं.

"तोंडाला काय झालंय माझ्या?" तो म्हणाला.

सरूबाई बघतच राहिली. दाढी वाढलेली, गाल बसलेले, कपाळावर घामाचे थेंब. कित्येक महिन्यांत तिनं हे तोंड समोरून, उजेडात, असं पाहिलंच नव्हतं. खरंच त्याला काही झालेलं नव्हतं. हे आपल्याला आधी का दिसलं नाही या विचारानंच तिला भरून आलं, आणि भर रस्त्यात, रंगाची पिशवी छातीशी धरून, ती हुंदके देऊन रडायला लागली. समोरून शेजारचा सांडू येत होता. त्यानं त्रिंबकाला पाहिलं आणि गडबडून रामराम घातला. त्रिंबकानं पत्रा आणि पंजे खाली जमिनीवर ठेवले, दोन्ही हात मोकळे केले आणि रामराम घातला.